माझ्या पोटातलं ऊन

खिडकीच्या कट्ट्यावर त्या सकाळी सहा वस्तू होत्या. सुकत घातलेलं पातळ फडकं, अर्धं चिरलेलं लिंबू, पुदिन्याच्या चार काड्या, चहाच्या पत्तीचा डबा, आजोबांची निळी टोपी, आणि सहावी मी.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोटाने गोल, मानेने आखूड. उजव्या खांद्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आहे. पोटात आठ ग्लास पाणी मावतं. ही फुशारकी नव्हे, मोजून पाहिलेलं आहे. बाकीचं मात्र थोडं फुशारकीनेच सांगणार आहे, तेवढं चालवून घ्या.

वाळू, सोडा आणि चुनखडी ही माझी माहेरची माणसं. भट्टीत ती एकमेकांत अशी विरघळली की पुन्हा वेगळी झालीच नाहीत. त्या लालभडक पाकाचा एक गोळा साच्यात पडला, आतून हवेची फुंकर आली आणि मला पोट सुटलं. मग मला हळूहळू थंड केलं. काच घाईने थंड केली तर तिच्यात ताण राहून जातो आणि पुढे कधीतरी, कुणी हातसुद्धा लावलेला नसताना, ती तडकते. माझ्या बाबतीत कुणी घाई केली नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

तपासनिसाने मला टिचकी मारली आणि तो थबकला.

"हिच्या खांद्यात हवा अडकलीये," तो म्हणाला.

"असू दे की," शेजारचा म्हणाला. "तेवढीच तिला सोबत."

अशी मी पास झाले आणि एका दुकानात रंगीत गोळ्या घेऊन उभी राहिले. मुलं माझ्या पोटाला नाक लावून गोळ्या निवडायची. दुकानदार रोज सकाळी मला कोरड्या कागदाने पुसायचा. मी इतकी लख्ख होते की आत हात घालण्याआधीच मुलांना गोळी हातात आल्यासारखी वाटे. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या. पडल्या तरी फुटत नाहीत, एवढाच काय तो त्यांचा गुण. दुकानदाराने मला एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. ती म्हणजे या घरातली आजी. तिने माझ्यात साखर भरली आणि आपल्या हयातीत मला कधी रिकामं होऊ दिलं नाही.

आजी गेल्यावर साखर डब्यात गेली आणि मी माळ्यावर. आजीचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने माझ्यात स्क्रू भरले. मित्रांनो, स्क्रू वाईट नसतात, पण त्यांना काचेशी वागायची पद्धत नसते. माझ्या आतल्या अंगावरचे बारीक ओरखडे तेव्हाचे आहेत.

आता आजोबांविषयी सांगते, कारण माझी खरी कामगिरी त्यांच्यामुळेच सुरू झाली. एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आजोबा चहा करायचे. भोंगा झाला की शेकडो माणसं त्यांच्यासमोर रांग लावायची. तिथली निळी टोपी ते घरीही घालत. निवृत्तीनंतरही घरी कोण आलंय हे पाहायच्या आधी ते आधण ठेवायचे. पण अलीकडे ते विसरू लागले होते. एकदा आधण आटलं आणि पातेल्याची मूठ वितळली. दुसऱ्यांदा शेगडीजवळचं फडकं पेटलं. त्या दिवसापासून मुलगा कामावर निघताना किल्ल्या, पाकीट आणि शेगडीची बटणं खिशात घालू लागला.

"तुमच्यावर राग नाही, बाबा," तो म्हणाला. "पण मी तिकडे विसाव्या मजल्यावर लटकत असतो आणि डोक्यात हेच, की घरी गॅस चालू राहिला असेल का."

आजोबा "बरं" म्हणाले. एवढंच. पण नंतर दाराची घंटा वाजली तरी ते खुर्चीतून उठेनासे झाले. त्यांच्या नातीने विचारलं तेव्हा म्हणाले, "दार उघडलं की माणूस आत येतो. आत आला की त्याला चहा विचारावा लागतो. विचारल्यावर देऊ काय? उठाबशा काढून दाखवू?"

ही नात यंदाच कॉलेजात गेली आहे, विज्ञान शिकते. घरात तिला मोजपट्टी म्हणतात, कारण पोळपाटापासून शेजाऱ्यांच्या मांजराच्या शेपटीपर्यंत सगळं तिने मोजून ठेवलं आहे. आजोबांचं बोलणं ऐकताच ती उठली. स्टूल लावून माळ्यावर चढली, स्क्रू एका डब्यात ओतले आणि मला खाली आणलं.

"आजोबा, चहाला आग लागते की नुसती ऊब?"

"चहाला उकळी लागते. बाकी सगळं सरबत."

"उन्हात ठेवून बघू या. मग बर्फ घालू."

"अगं, चहा थंड झाला की आम्ही तो ओतून द्यायचो. तू तोच पाहुण्यांना पाजणार?"

मोजपट्टीची आई रुग्णालयात परिचारिका आहे. तिने दोघांना दम भरला. "ऊन पाण्याला उकळत नाही, नुसतं कोमट करतं. तेवढ्यात जंतू मरत नाहीत, उलट खूश होतात. म्हणून बरणी आणि फडकं रोज उकळत्या पाण्याने धुवायचं, पाणीही आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं. ऊन सरलं की चहा लगेच फ्रिजमध्ये. आणि संध्याकाळी उरला तर सरळ मोरीत. उरलेल्या चहाची दया यायची नाही, कळलं?"

तसं ठरलं. मुलगा बटणं घेऊन निघायच्या आत मोजपट्टी मला धुवायची. आधी कोमट पाणी, मग कडकडीत, नाहीतर मी तडकले असते. मग ती माझ्यात पाणी भरायची, फडक्यात पत्तीची पुरचुंडी बांधून आत सोडायची आणि मला खिडकीच्या पांढऱ्या फरशीच्या कट्ट्यावर ठेवून कॉलेजला जायची.

पहिल्या दिवशीचं मला अजून आठवतं. आधी काहीच झालं नाही. मग पुरचुंडीतून तपकिरी धागे सुटले. ते तरंगत खाली उतरले, तळाला टेकले आणि तिथून पसरत वर आले. उन्हाने कोमट झालेलं पाणी आत गुपचूप फिरत होतं. कुणी ढवळलं नाही, कुणी फुंकलं नाही. एके काळी दुसऱ्याने केलेल्या गोळ्या मी नुसत्या सांभाळत होते. आता माझ्या पोटात काहीतरी घडत होतं.

आणि एक गंमत झाली. माझ्यातून आरपार गेलेल्या उन्हाचा एक पिवळसर कवडसा समोरच्या भिंतीवर पडला. सूर्य वर चढला तसा तो भिंतीवरून खाली उतरला, जमिनीवर आला आणि आजोबांच्या खुर्चीकडे सरकू लागला. चहा गडद होत गेला तसा कवडसाही. मधासारखा होऊन तो आजोबांच्या पायाच्या अंगठ्यावर चढला, तेव्हा आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि मला उचलून आत नेलं. त्यांना कुणी आठवण केली नव्हती.

संध्याकाळी मोजपट्टीने खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या. "खुर्ची इथून हलवायची नाही. कवडसा अंगठ्याला लागला की चहा झाला."

"आणि मला डुलकी लागली तर?"

"तर ऊन छपराआड जाईल आणि बरणी सावलीत येईल. चहा फार तर वाया जाईल, घर नाही."

आजोबांनी खडूच्या खुणा निरखल्या. मग म्हणाले, "खरंय. शेगडी बंद करायला उठावं लागतं. ऊन आपलं आपण उठून जातं."

मित्रांनो, तो उन्हाळा म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक. आजोबा पुन्हा दार उघडू लागले. टपालवाला यायचा, खालच्या मजल्यावरचा शिंपी यायचा. ग्लासात बर्फ, लिंबाची चकती, पुदिन्याचं एक पान आणि वरून मी. चहा इतका नितळ की ग्लासापलीकडचं घड्याळ वाचता यावं.

"काय कँटीनवाले," शिंपी पहिल्या दिवशी म्हणाला, "चहाला ताप आलाय म्हणून बर्फावर ठेवलाय का?"

"पिऊन बघ. नाही आवडला तर तुझ्या मशीनला तेल म्हणून घाल."

शिंप्याने दुसरा ग्लास मागून घेतला. मुलाने मात्र एकच घोट घेतला, "छान आहे, पण मला गरमच लागतो" म्हणाला आणि ग्लास बाजूला सरकवला. आजोबांनी तो ग्लास उचलून नेला, पण नेताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. आजोबांची टोपी एरवी डोक्यावर नाहीतर खुंटीवर असते. त्या दिवशी उकाडा फार होता. त्यांनी ती काढून माझ्या मागे कट्ट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. कवडसा अंगठ्यावर येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी पूर्ण वेळ त्यांच्याकडेच पाहत होते.

दुपारी मुलगा लवकर घरी आला. त्याने टोपी उचलली आणि नाकाशी नेली. टोपीला भोक पडलं होतं. कडा काळ्या, वास जळका.

"बाबा, काडेपेटी कुठून आणलीत?"

"मी? मी नाही आणली," आजोबा म्हणाले. मग ते टोपीकडे बघत राहिले. "म्हणजे... मला आठवत नाही. लावली असेल."

मला बोलता येत असतं तर त्या क्षणी ओरडले असते. आजोबा खोटं बोलत नव्हते. न केलेली चूक ते पदरात घेत होते, कारण स्वतःवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. त्यांनीच मला उचललं, उरलेला चहा मोरीत ओतला आणि मुलाला म्हणाले, "हिला वर ठेवून दे. तुझे स्क्रू भर. दारही आता तूच उघडत जा."

मुलाने स्क्रूचा डबा आणला, पण झाकण उघडलं नाही. तेवढ्यात मोजपट्टी आली. सगळं ऐकून तिने टोपी दिव्याखाली धरली आणि मोजपट्टी लावली. हसू नका, ती खरोखर लावली.

"बाबा, काडीचा चटका कसा असतो?"

"कसा म्हणजे? गोल."

"हा लांबट आहे. एका टोकाला नुसता करपलाय, दुसऱ्या टोकाला आरपार. काडीचा चटका जागच्या जागी बसतो. हा चालत गेलाय."

"चटका कधी चालतो का?"

"त्या खोलीत आजोबा चालले नाहीत, काडी चालली नाही. चालणारी एकच गोष्ट होती. उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? सकाळी दाखवते."

सकाळी तिने मला स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलं आणि कट्ट्यावर ठेवलं. पत्ती नाही, काही नाही. मागे काळ्या कापडाचा तुकडा धरला आणि पुढेमागे सरकवला. माझ्या मागे चार बोटांवर उन्हाचा पसरट डाग आकसत आकसत हरभऱ्याएवढा झाला. पांढराशुभ्र.

"एवढंसं ते," मुलगा म्हणाला आणि त्याने बोट पुढे केलं. "आई गं!"

त्याने बोट तोंडात घातलं. कापडातून धुराची एक बारीक रेघ वर गेली. सूर्य सरकत होता, त्याच्याबरोबर तो ठिपका सरकत होता, आणि त्याच्यामागे कापड करपत होतं.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी भीती वाटली आणि मग अभिमान. माझं गोल पोट, पत्तीचा रंग उतरायच्या आधीचं त्यातलं स्वच्छ पाणी, दोन्ही मिळून एक भिंग होतं! इतके दिवस मागे नुसती पांढरी फरशी होती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. गडद कापड मागे आलं आणि उन्हाला पकड सापडली.

मुलगा आजोबांसमोर उभा राहिला. "बाबा, तुम्ही काडी लावलीच नव्हती."

"हं," आजोबा म्हणाले. त्यांनी टोपी घेतली, भोकातून खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे हे उन्हाने केलं. मग असं कर, आता उन्हाची बटणं काढ आणि खिशात घाल."

मुलाला हसू आवरेना, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आजोबा त्याच्या बोटावर गार पाणी ओतत राहिले.

शेगडीची बटणं अजूनही मुलाबरोबर कामावर जातात. आजोबांनी ती मागितलीही नाहीत. कट्ट्यावर माझ्यामागे मोजपट्टीने खडूने एक मोठी अर्धगोल रेघ मारली आहे. तिच्या आत काही ठेवायचं नाही, कापड नाही, कागद नाही, टोपी तर नाहीच. टोपीला शिंप्याने लाल ठिगळ लावून दिलं आहे. आजोबा ते मुद्दाम पुढे करून घालतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी बरणी असेल. तिला खाली आणा, उकळत्या पाण्याने धुवा, उन्हात ठेवाल तेव्हा तिच्या मागे काय आहे ते पाहा. आणि घरात कुणी विसरू लागलं असेल, तर त्यांना दोष देण्याआधी भोक नीट मोजून बघा.

त्या सुट्टीच्या सकाळी प्रयोगाचं पाणी ओतून मला पुन्हा धुतलं, भरलं आणि पुरचुंडी सोडली. कवडसा अंगठ्यावर आला तेव्हा आजोबांनी मला आत नेलं. दुपारी माझ्यातून आठ ग्लास चहा निघाला. दोन शिंप्याने घेतले. एक मोजपट्टीने, एक तिच्या आईने, एक आजोबांनी.

तीन मुलाने.