चार बोटं

बास्केटबॉलच्या सामन्याआधी सराव करताना कलाचा सातवा चेंडूही रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला, तेव्हा सुनंदाबाईंनी तोंडातली शिट्टी काढली.

"लिला, उडी मारून जाळीला हात लाव."

लिला पारोळ्याहून मामाकडे शिकायला आलेली, संघात सर्वांत उंच. जळगावात, मेहरूणच्या शाळेच्या मैदानावर ती रोज जाता-येता जाळी ओढायची. इथं धुळ्याच्या सिमेंटच्या कोर्टवर तिनं तीनदा उडी मारली. तिन्ही वेळा बोटं खालीच राहिली.

"किती कमी पडलं?"

"चार बोटं. धुळ्यानी रिंगच उंच शे, बाई!"

मुली खिदळल्या. बाईंनी पायाखालच्या सिमेंटकडे पाहिलं. दर उन्हाळ्यात त्या स्वतः उन्हात उभ्या राहून शाळेच्या मैदानावर मुरूम पसरून घेत, रोलर फिरवून घेत. जमीन चढत गेली होती. खांब होते तिथंच होते.

"धुळ्याची नाही, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं बुटक्या रिंगवर शिकवलं मी तुम्हाला. चेंडू जरा उंच सोडा."

तीन वर्षांपूर्वी दहावी होऊन जुना संघ एकदम गेला. तेव्हा सहावीत असलेल्या या मुली त्यांनी हाताशी धरल्या. बाहेरगावी एकही सामना जिंकला नव्हता. हरल्यावर मुली हसत एसटीत चढायच्या आणि भेळ मागायच्या. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, यंदा एक तरी विजय आणा, नाहीतर मैदानावर सायकल स्टँड.

पंच कागद घेऊन आले.

"शहाद्याचा संघ आला नाही, बाई. वेळ संपली. वॉकओव्हर तुम्हाला."

बाईंनी सही केली.

"मैदान वाचलं!" कला ओरडली. "लिले, तुझा पायगुण गं!"

"मग पाया पड ना!"

"नशिबाचे आभार माना आणि चेंडू उचला," बाई म्हणाल्या. "उंच सोडायचा."

पाऊण तासानं शहाद्याच्या मुली धावत आल्या. दोंडाईच्याजवळ एसटी पंक्चर झाली होती. त्यांच्या देवचंद सरांनी कागद वाचला आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

"सर, कोर्ट मोकळं आहे. खेळायचं?"

"निकाल लागलाय, बाई. आता हरलात तर उगाच शोभा."

"होऊ दे. मला पोरी बघायच्यात."

पहिल्या पाच मिनिटांत कलाचे तीन चेंडू कडेला न लागता जाळीतून उतरले. देवचंद सर बाकावरून उठून उभे राहिले.

"कुठं लपवल्या होत्या या?"

शेवटच्या मिनिटाला जळगाव एका गुणानं पुढं होतं. शहाद्याच्या मुलीनं कोपऱ्यातून चेंडू टाकला. तो आत गेला आणि शिट्टी वाजली.

कोर्टवर कुणी हसलं नाही. कला गुडघ्यांत तोंड घालून बसली. लिला पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"अरे पोरींनो, कागदावर तुम्हीच जिंकलात," देवचंद सर गडबडले. "बाई, समजूत घाला ना त्यांची."

सुनंदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"रडू द्या, सर," त्या हळूच म्हणाल्या. "तीन वर्षं वाट पाहिलीय मी याची."