गुडघ्यांसाठी दिलेली गोळी

सावड चुकवली की दिघाशी गावात माणसाची पत गेलीच म्हणून समजा. आज तुम्ही आमच्या शेतात राबलात, तर उद्या आम्ही तुमच्या शेतात राबायचं, इतका साधा रिवाज. दौलत आणि त्याची बायको दोन दिवस तुळशीरामच्या खाचरात वाकून भाताच्या रोपांची आवणी करून गेली होती. आज दौलतच्या शेताची पाळी होती, आणि तुळशीराम मात्र सकाळपासून ओटीवर गुडघे धरून बसला होता.

"मी एकटी जाते," चंद्रा म्हणाली.

"दोन माणसा आलेली, दोघांनीच जायला पायजे," तुळशीराम म्हणाला आणि उठायचा प्रयत्न करून परत खाली बसला.

तेव्हा चंद्राला लेकाच्या गोळ्या आठवल्या. भूपेश भिवंडीच्या गोदामात माल भरायला होता. तीन महिन्यांपासून सलग दोन-दोन शिफ्ट करायचा, आणि घरी आला तरी लवंडायचं नाव नाही. मागच्या रविवारी त्याने एका दमात गोठा धुतला, कुंपण बांधलं आणि पडवीही सारवून काढली. चंद्राने हे कौतुक निम्म्या गावाला ऐकवलं होतं. पोराचं जेवण तुटलं होतं, तो बारीकसारीक गोष्टीवर खेकसायचा, दात करकर खायचा. पण ती सगळी अंगातली उष्णता असं तिने ठरवून टाकलं होतं. उपाय म्हणून ती त्याला रोज सब्जाचं पाणी पाजत होती! एकदा त्याच्या बॅगेतली पुडी तिच्या हाताला लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "ताकदीची गोळी हाय, आये. थकवा म्हणून येत न्हाय."

मग थकवा न येणारी गोळी दुखऱ्या गुडघ्यांना का चालू नये? तसलीच एक पुडी भूपेश आज घरीच विसरून गेला होता; तिच्यातली एक गोळी तिने नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि वर चहाचा कप दिला. उरलेली पुडी पदराच्या टोकाला बांधली. दुपारी लागली तर असावी म्हणून.

तासाभरात दौलतच्या खाचरात तुळशीराम रांगेत सगळ्यांच्या पुढे होता. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, पण आज त्याचं तोंड थांबेना. हात तर असे चालत होते की मागच्या बायकांना रोपांच्या मुठी पुरवता येईनात.

"वहिनी, दादाला काय खायला घातलांव?" दौलत हसत ओरडला. चंद्रा चक्क लाजली. लग्नानंतरची वर्षं तिला आठवली, आणि तिला फार बरं वाटलं.

दुपारी तुळशीरामने भाकरीला हात लावला नाही. पाणीही नको म्हणाला. तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला चिकटत होती, तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलत होता. चंद्राने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि चरकली. भर उजेडात बाहुल्या एवढाल्या मोठ्या झाल्या होत्या. असे डोळे तिने कुठेतरी पाहिले होते, पण कुठे ते आठवेना. तिने पाठीवर हात ठेवला तर छातीतले ठोके सदऱ्यातून हाताला लागत होते.

"आवं, बसा जरा."

"माझ्या मागारी लागू नको!" तो अंगावर धावून आला. तीस वर्षांत त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता, तो आज उगारला. आणि तो हात खाली यायच्या आत माणूस चिखलात पालथा पडला.

दौलतने त्याला टेम्पोत घातलं आणि अंबाडीमार्गे थेट भिवंडी गाठली. वाटेत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन चंद्रा त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांनी काय घेतलंय? लवकर सांगा, पुढचं औषध त्यावर ठरेल."

चंद्रा तोंड उघडणार तेवढ्यात दौलतचा फोन मिळालेला भूपेश गोदामातून धावत आला. "आये, बाला काय झाला?"

"तुझी गोळी दिली मी. गुडघ्यांसाठी."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आईला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं. "आये, गोलीचा नाव काढू नको. पोलीस येतील, नोकरी जाईल. एका गोलीनं काय होत न्हाय."

"तू किती खातोस?"

"आधी एक खायचो. आता चार खाल्ल्याशिवाय उभाच राहवत न्हाय."

बोलताना त्याचा जबडा चघळल्यासारखा हलत होता. चंद्राने मान वर करून लेकाचे डोळे पाहिले. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्या बाहुल्या तशाच, एवढाल्या मोठ्या होत्या. तीन महिने ती त्याला जेवायला वाढत होती, समोर बसून आग्रह करत होती. आईला हे दिसू नये? तिला स्वतःचीच किळस आली.

मग तिने पदराची गाठ सोडली आणि पुडी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "ही दिली. मीच दिली."

बाईंनी पुडी पाहिली आणि नर्सला भराभर इंजेक्शनं सांगितली. "मावशी, ही ताकद देत नाही. थकवा आलाय हे मेंदूला कळूच देत नाही. टाकीतलं डिझेल संपलं तरी काटा फुल दाखवतो, तसं. इकडे हृदय मात्र फुटेस्तोवर पळत राहतं. बरं झालं वेळेत सांगितलंत. यांना वाचवता येईल."

भूपेश दाराकडे सरकत होता. चंद्राने त्याचं मनगट पकडलं. तो हिसडे देत होता, पण राबातली भाताची रोपं मुठीमुठीने उपटणारा हात होता तो, सुटला नाही. तिने ते मनगट डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.

"ह्याची पन नाडी बघा, बाई."

बाईंनी घड्याळाकडे पाहत ठोके मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. त्याचा हात न सोडता त्या नर्सला म्हणाल्या, "शेजारची खाट रिकामी करा. आधी याला घ्या."