बांधावर टाकलेला गहू

थोरलीनं गव्हाचं ते उंच ताट मुठीत धरून ओढलं, तर ते जागचं हलेना. कमरेत जोर घेऊन हिसका दिला, तेव्हा कुठं मातीसकट सुटलं.

पलीकडच्या ओळीतून धाकटी जाऊ हसली. "ताई, गहू उपटताय की विहिरीतली घागर ओढताय?"

"हसू नको. हाताचं बळ गेलं म्हणावं, तर हा बुटका गहू नुसत्या दोन बोटांनी निघतोय."

वरच्या पट्टीत यंदा नवा गहू होता. बुटका, एका उंचीचा, वरून सुरी फिरवल्यागत. बियाणाचा व्यापारी तो बियासाठी घेणार होता. बोली एकच, शेतात दुसरा गहू दिसता कामा नये. पण मागल्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून मामंजींच्या वेळचा तांबड्या कुसळांचा गहू मधूनमधून डोकं वर काढायचा. तो उपटून बांधावर टाकायचं काम जावांकडं होतं. भेसळ ओळखावी तर थोरलीनंच. दाणे निवडावेत तसं ती शेत निवडायची.

फक्त हद्दीच्या दगडाजवळचा कोपरा तिनं सोडला होता. तिथं गव्हाच्या बुडाशी लाव्याचं घरटं होतं.

"व्यापाऱ्याला काय सांगणार?" धाकटीनं टोचलं. "पाखराचं बाळंतपण होतं म्हणून?"

"अंडी फुटू देत. मग बघू."

थोरलीनं दोन्ही ताटं शेजारी धरली. तांबड्याची मुळं लांब, पांढरी, विस्कटलेल्या केसांसारखी. नव्याची मुळं आखूड नि जाड, टोकं चटका बसल्यागत तपकिरी.

"अगं, हे वरून हिरवं, नि खालून..."

"खालून काय?"

"काही नाही. वाईट बोलू नये." तिनं दोन्ही ताटं ओल्या फडक्यात गुंडाळली.

ती मुळं बघून दीरही हबकला. माती तपासणाऱ्या माणसाला त्यानं दुसऱ्याच दिवशी बोलावून आणलं. त्या माणसानं कुदळीनं खड्डा घेतला. वरची वीतभर माती भुसभुशीत, चुन्याचे पांढरे ठिपके असलेली. खालची पिवळट, घट्ट. त्या मातीच्या पाण्यात कागद बुडवून तो बराच वेळ रंग बघत राहिला.

"चुना तुम्ही चांगला टाकलात. पण तो नांगर गेला तिथवरच. खाली माती आंबट आहे. आंबट मातीत ॲल्युमिनियम सुटतं आणि मुळाचं टोकच मारतं."

"म्हणजे आमच्या पातेल्यातलं?" धाकटीनं विचारलं.

"तेच. मातीत सगळीकडं असतं, गप पडून असतं. माती आंबली की उठतं."

थोरलीनं फडकं सोडलं. "मग हा का मेला नाही, दादा?"

त्यानं तांबडं ताट उलटंसुलटं केलं. "काही जातींच्या मुळांची टोकं स्वतःच एक आंबटसर रस सोडतात. तो रस ॲल्युमिनियमला धरून ठेवतो, मुळाला बाधू देत नाही. काट्यानं काटा काढावा तसं. हा त्यातलाच दिसतोय. बी आहे ना याचं?"

जुन्या गव्हाची कणगी दीरानं केव्हाच दळायला नेली होती; त्याच्या पोळ्याही खाऊन झाल्या होत्या. बांधावरच्या ढिगातल्या ओंब्या दुधात असतानाच सुकल्या होत्या. अर्धा ढीग गाय चघळत होती.

"पण पीक तर उभं आहे की," दीर म्हणाला. "ओल आहे तोवर..."

"ओल आहे तोवर," तो माणूस म्हणाला, आणि आभाळाकडं बघत त्यानं खड्डा बुजवला.

मग वारा फिरला. कोरडा, भट्टीच्या तोंडातून यावा तसा. वरची वीतभर माती तडकली. खाली ओल होती, पण तिथवर जायला पाय कुणाला होते? पानं सुरळीसारखी वळली. दाणा भरायच्या आधीच शेत पांढरं पडलं, नि वाऱ्यात पोकळ ओंब्या खुळखुळायला लागल्या. व्यापाऱ्याचा माणूस गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"वहिनी, गुरं सोडतो," दीर म्हणाला. "वैरण तरी होईल."

"सोडा. पण तो कोपरा नाही."

ती पुढं होऊन हद्दीच्या दगडापाशी हात पसरून उभी राहिली. घरट्यात नुसती टरफलं होती. भोवती वाळलेल्या बुटक्या गव्हात तांबड्या कुसळांची मोजकी ताटं उभी होती, ओंब्यांच्या वजनानं वाकलेली. तिनं एक ओंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली. दाणे टणक होते.

धाकटीनं वाकून बघितलं. आज तिला हसू आलं नाही. "बांधावर आपणच टाकला की हो, ताई. एवढ्यानं एक ओळ तरी पेरून होईल का?"

"एक ओळ पेरू."

"आणि बाकीचं शेत?"

थोरलीनं मूठ मिटली. पोकळ ओंब्या अजून खुळखुळत होत्या, नि त्यांच्यातून गुरं आत येत होती. ती कोपऱ्यातून हलली नाही.