बिनखाचेचं मशीन

पनवेलच्या उरण नाक्याच्या अलीकडच्या गल्लीत, औषधाच्या दुकानाला चिकटून निशा घरतचं गेमचं दुकान आहे. दुकान जेमतेम आठ बाय बारा फुटांचं. तीन भिंतींना डिस्कच्या डब्या, चौथीकडे काउंटर आणि काउंटरमागे खुर्चीत तिचे सासरे भगवान. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांचा जन्म मिठागरात गेला. गेम म्हणजे काय ते त्यांना आजही धड सांगता येणार नाही, पण डिस्क ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून तिच्यावरचा केसाएवढा चरा ते असा पकडायचे की गिऱ्हाइकाला वाद घालायला जागाच उरायची नाही.

निशाने आधी सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने द्यायचा धंदा केला होता. पेनड्राइव्ह आले, मग फोनवरच सिनेमे आले, आणि तिच्या सातशे डीव्हीडी रद्दीवाल्याने वजनावर नेल्या. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नव्हती. पण गेमच्या डिस्कनी तिला पुन्हा उभं केलं. गेम खेळून झाला की माणूस डिस्क घेऊन यायचा, वर थोडे पैसे घालून दुसरी न्यायचा. एक डिस्क कळंबोली, कामोठे, तळोजा अशी दहा घरं हिंडून पुन्हा तिच्याच मांडणीवर यायची.

बाजारात मशीन दोन कंपन्यांची. गिऱ्हाइकांनी त्यांना रंगावरून नावं पाडली होती, पांढरं आणि काळं. एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. त्यामुळे पनवेलमध्ये कोण कुठलं मशीन घेणार ते जाहिरातीवर ठरायचं नाही, मित्राच्या कपाटात कुठल्या डिस्क आहेत त्यावर ठरायचं. पांढऱ्याच्या जुन्या डिस्क नव्या मशीनमध्येही चालायच्या, म्हणून अख्खा गाव पांढऱ्याचा झाला होता. काळं विचारायला महिन्याला एखादा यायचा.

मग पांढऱ्याच्या कंपनीने एकाच मशीनचे दोन प्रकार काढले. एक डिस्क घालायच्या खाचेचं, दुसरं बिनखाचेचं. बिनखाचेचं पुष्कळ स्वस्त. त्यात गेम नेटवरून उतरवायचा, डिस्कचा संबंधच नाही. पांढऱ्याचा इथला वितरक इंद्रजीत निशाला म्हणाला, "ताई, हेच खपवा. पुढचा जमाना हाच आहे." तिने अकरा मशीन खपवली.

त्यातलं एक कोमलने परत आणलं.

कोमल ओवे गावची पोर, तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. स्वतःच्या पगारातून मशीन घेतलं आणि दोन वर्षं मनसोक्त खेळली. फुटबॉलच्या गेममध्ये तिने कारखान्यातल्या भल्याभल्यांना रडवलं होतं. फेब्रुवारीत तिचं लग्न होऊन ती करंज्याला गेली, नवऱ्याची बोट आहे. जूनमधल्या एका दुपारी ती कापडी पिशवी काउंटरवर ठेवून उभी राहिली.

"ताई, हे ठेवून घ्या तुमी."

"काय बिघडलं?"

"बिघडलं नाय काय. चालतच नाय. बंदराकडं नेटच नाय धड. जागा भरली म्हणून जुने गेम पुसले होते, ते परत उतरवायला लावलं तर चार दिस. तिसऱ्या दिशी डेटा संपला. पावसामुळं बोटी बंद, सगळी घरात बसलेली. नणंदेकडं काळं मशीन हाय. ती डिस्क घालते नि खेळते. दीर खेळतो, सासूपण खेळते. मी बघत बसते."

निशाने मशीन पिशवीतून काढलं. पुसून पुसून लखलखीत ठेवलेलं होतं.

"माझे सोळा गेम हायेत यात," कोमल म्हणाली. "सगळे पैसे देऊन घेतलेले. ते तुमी घ्या आन् मला डिस्का द्या. सोळाच्या आठ दिल्या तरी चालंल."

निशाने मशीन हळूच खाली ठेवलं. "कोमल, ते गेम घेता येत नाहीत गं. ते तुझ्या खात्यावर आहेत. मला नाही, नणंदेला नाही, कोणालाच देता येत नाहीत."

"इकता येत नाय?"

"नाही."

"मग ते माझे कसे?"

खुर्चीतून आबांनी मान वर केली. "निशा, तू इकताना हे सांगितलं होतंस हिला?"

"नाही सांगितलं, आबा."

आबांनी मान पुन्हा खाली घातली. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं निशाला वाटलं. ती उठली, दुकानात दाखवायला ठेवलेलं स्वतःचं खाचेचं मशीन तिने वायरींसकट सोडवलं, चार डिस्क निवडल्या आणि सगळं कोमलच्या पिशवीत भरलं.

"वरचे किती?" कोमलने विचारलं.

"काही नाही. चूक माझी आहे."

कोमल गेल्यावर निशाने वही काढली आणि बिनखाचेचं मशीन नेलेल्या उरलेल्या दहाही जणांना एकेक करून फोन लावला. जे विकताना सांगायला हवं होतं ते आत्ता सांगितलं. दोघांनी शिव्या घातल्या. तिने ऐकून घेतल्या.

आठवड्याने इंद्रजीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील करार. दुकानाला नवीन काच, नवीन दिवे, बाहेर कंपनीच्या नावाची चकचकीत पाटी, दिवाळीचा पहिला माल तिला. हे सगळं तो फुकट करून देणार होता.

"आणि मी काय करायचं?" निशाने विचारलं.

"फक्त बिनखाचेचं मशीन आणि नेटवरून गेम उतरवायचे कोड विकायचे. जुन्या डिस्कची अदलाबदल बंद. काळ्याचा माल ठेवायचा नाही."

"अदलाबदल बंद केली तर माझ्याकडे येईल कोण?"

"कोड घ्यायला येतील की. ताई, तुम्ही एक डिस्क दहा जणांना फिरवता, तिथं माझे नऊ गेम मरतात. आणि एकदा माणसाचे गेम खात्यावर चढले ना, की तो दुसऱ्या कंपनीकडे जातच नाही. कशाला जाईल? सगळं सोडून जावं लागतं. गिऱ्हाईक कायमचं बांधलं जातं."

हे तो अगदी आनंदाने सांगत होता. निशाने करार उलटा करून त्याच्याकडे सरकवला.

"मला बांधलेलं गिऱ्हाईक नको."

"कामोठ्याच्या कमळाकरशेटनी सही केलीय. खारघरच्या दोघांनी केलीय. तुम्ही एकट्या राहाल."

"राहीन."

"खाचेचा माल माझ्याकडूनच येतो, विसरू नका."

"तुम्ही तो बंद करणार असाल तर आत्ताच सांगा. म्हणजे मला उद्याची सोय बघायला बरं."

इंद्रजीत नुसता हसला आणि करार उचलून निघून गेला. पण पुढच्या सोमवारपासून खाचेचं मशीन आलंच नाही. फोन केला की गोडाऊनमधला माणूस म्हणायचा, माल वरूनच नाही. कामोठ्यात मात्र बिनखाचेच्या मशीनचे खोके छतापर्यंत लागले. निशाकडे येऊन लोक रिकाम्या हाताने परत जाऊ लागले. घरत बाई दुकान विकतेय, अशी कोणीतरी आवईही उठवली. दोन महिने असे गेले.

गणपती झाल्यावर निशाने फ्लेक्सवाल्याला गाठलं. तिने दाराच्या उंचीचा पिवळा फ्लेक्स करून घेतला आणि दुकानाबाहेर उभा केला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

मशीन कुठूनही घ्या, पण आधी विचारा.
खेळून झालेला गेम विकता येईल का?
मैत्रिणीला, भावाला देता येईल का?
नेट नसलं तर नवा गेम चालू होईल का?

कंपनीचं नाव नाही, वितरकाचं नाही. लोक थांबून वाचायचे, फोटो काढायचे. तीन दिवसांत तो फोटो कामोठ्यापासून तळोज्यापर्यंत फोनाफोनांवर फिरला. चौथ्या दिवशी इंद्रजीतचा फोन आला.

"तो बोर्ड काढा."

"त्यात खोटं काय आहे ते सांगा, काढते."

"तुम्ही कंपनीची बदनामी करताय."

"मी फक्त प्रश्न विचारलेत, इंद्रजीत. उत्तरं द्यायला तुम्ही मोकळे आहात. तुमचा फ्लेक्सही लावते शेजारी, जागा आहे."

त्याने फोन आपटला. आबांनी चहा सांगितला, दोन कप.

पण नुसत्या फ्लेक्सने मांडणी भरत नाही. निशाने ठाण्याला फोन लावला. काळ्याच्या कंपनीचा या भागाचा माल समृद्धी नावाची मुलगी बघायची. वर्षापूर्वी तिने निशाला सरळ सांगितलं होतं की पनवेल पांढऱ्याचं गाव आहे, तिथे मशीन पाठवून उपयोग नाही.

"तुमचं नवीन मशीन खाचेचं आहे ना?" निशाने विचारलं.

"आहे. सरसकट. दहा वर्षांपूर्वीच्या डिस्कही चालतात."

"मग तीस पाठवा."

"तीस? ताई, तिथे आमच्या डिस्कच नाहीत कोणाकडे. डिस्क नाहीत तर मशीन कोण घेणार?"

समृद्धीचं चुकत नव्हतं. सगळी अडचण तिथेच होती. निशा म्हणाली, "डिस्क मी आणते. तुम्ही मशीन घेऊन ओव्याच्या हॉलवर या, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. नाही खपली तर टेम्पोचं भाडं माझं."

त्यानंतर तीन आठवडे निशा दुपारी दुकान आबांवर सोपवून स्कूटरवर हिंडत होती. उरण, करंजा, तळोजा. लोकांच्या माळ्यावर, कपाटात, टीव्हीखाली काळ्याच्या जुन्या डिस्क पडलेल्या होत्या. मशीन कधीच बंद पडलेलं, डिस्क मात्र टाकवत नव्हत्या. ती सगळ्यांना एकच सांगायची, "रविवारी घेऊन या. बदलून न्या."

रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये समृद्धी, तिची तीस खोकी, निशा आणि आबा एवढेच होते. साडेदहाला चार कामगार रात्रपाळी करून थेट आले. अकराला रिक्षातून कोमल उतरली, मागे तिची नणंद, आणि दोघींच्या मध्ये डिस्कनी भरलेली बर्फाची पेटी.

"एकशेदहा हायेत," नणंद म्हणाली. "अख्ख्या बंदराच्या जमवून आणल्या. वास येईल थोडा."

आबांनी पहिली डिस्क उजेडाला धरली, नाकाशी नेली आणि हसले. "सुकटीचा हाय. डिस्क चांगली हाय."

बारापर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. पांढऱ्याच्या डिस्क एका टेबलावर, काळ्याच्या दुसऱ्या. लोक इथली देत होते, तिथली घेत होते, आणि काळ्याच्या डिस्क हातात आल्यावर मशीनचा भाव विचारत होते. कोमलने खुर्चीवर उभं राहून शांतपणे आपल्या सोळा गेमची हकिगत सांगितली. तिचं बोलणं संपल्यावर एका माणसाने खिशातून कामोठ्याच्या दुकानात भरलेल्या आगाऊ रकमेची पावती काढली, वाचली आणि तो पैसे परत घ्यायला निघून गेला. दीड वाजता समृद्धीकडे एकही खोकं उरलं नव्हतं. ती ठाण्याला फोन करून आणखी माल मागत होती, आणि तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

कमळाकरशेट दाराशी उभे होते. निशाने त्यांना आत बोलावलं.

"माझ्याकडे पंचेचाळीस बिनखाचेची पडलीत," ते हळूच म्हणाले. "सही करून बसलोय मी."

"करार किती दिवसांचा?"

"मार्चपर्यंत."

"मार्च काही लांब नाही. तोवर गिऱ्हाइकाला खरं सांगून विका. कोणाकोणाला तेच मशीन बरं पडतं. ज्याच्याकडे नेट चांगलं आहे, ज्याला विकायचं-बदलायचं नाही, त्याने खुशाल घ्यावं. माझं भांडण मशीनशी नाही."

दिवाळीला आठ दिवस असताना इंद्रजीतचा टेम्पो गल्लीत शिरला. तो स्वतः पुढे बसला होता. इस्त्री आजही होती, पण करार नव्हता.

"खाचेची दहा आणलीत," तो म्हणाला. "वरून विचारणा झाली. उरण पट्ट्यात काळं आमच्या पुढे गेलंय. असं कधी झालं नव्हतं."

"अट काय?"

"काही नाही. फक्त तो पिवळा फ्लेक्स..."

"फ्लेक्स राहील."

"ताई, निदान आत तरी घ्या."

"बाहेरच राहील. माल उतरवायचा असेल तर उतरवा, नाहीतर टेम्पो वळवायला गल्लीच्या तोंडाशी जागा आहे."

इंद्रजीत खोक्यावर हात ठेवून वैतागून म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही हे थांबवणार? पाच वर्षांत डिस्क निघणारच नाहीत. ना पांढऱ्याच्या, ना काळ्याच्या. सगळं नेटवर जाईल."

"जाईलही," निशा म्हणाली. "डीव्हीडी गेल्या तेव्हा मी इथेच होते, मला कोणी सांगायला नको. पण डिस्क संपायची तर लोकांनी सोडली म्हणून संपू दे. तुमच्या गोडाऊनला कुलूप लावून नाही. आणि पाच वर्षं म्हणजे माझ्याकडे किती लोक येतील त्याचा हिशोब केलाय का कधी? त्या प्रत्येकाला मशीन घेण्याआधी मी सगळं सांगणार."

त्याने टेम्पोवाल्याला खूण केली. दहा खोकी आत आली. निशाने ती काळ्याच्या खोक्यांना लागून, त्याच फळीवर मांडली. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. इंद्रजीतने ते पाहिलं आणि तो निघून गेला.

आबा नव्या खोक्यातल्या मशीनची खाच बोटाने चाचपून बघत होते, तेवढ्यात एक जोडपं दारात आलं. दोघंही फ्लेक्स पूर्ण वाचून आत शिरली.

"यातलं चांगलं कुठलं?" बाईने विचारलं.

निशाने दोन स्टुलं पुढे ओढली. "बसा. आधी मला सांगा, तुमच्या बिल्डिंगमध्ये अजून कोणाकोणाकडे कुठलं मशीन आहे?"