काचेवर थांबलेली रेघ

भात शिजू लागला की स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या काचेवर बाष्प धरायचं आणि त्या धूसर पडद्यावर कुमुदची तर्जनी उतरायची. ओल्या काचेवरून बोट फिरताना होणारा तो बारीक, किंचित रडवेला आवाज म्हणजे माझे इथले सगळे हिवाळे. वरून खाली एक रेघ, तिला फुटलेल्या दोन-तीन फांद्या, फांद्यांच्या टोकाला नुसते ठिपके. नावं ती लिहीत नसे, उच्चारत असे. एखादा वंश जिथे संपला तिथे ती रेघ थांबवायची, बोट मुडपायची आणि पेराने काचेवर दोनदा हलकेच टकटक करायची, जणू आत कुणी आहे का म्हणून विचारते आहे. मग भाताकडे वळायची.

कुमुद माझी पत्नी. त्सुकुबाच्या विद्यापीठात ती इंग्लंडचा मध्ययुगीन इतिहास शिकवत असे. पुण्यात वाढलेली बाई जपानी मुलांना इंग्लंडमधल्या सरदारांच्या सोयरिकी समजावून देते याचं पाहुण्यांना हसू येई. तिला त्यात वेगळं काही वाटत नसे. तिच्या आयुष्याचा मोठा भाग अ‍ॅव्हिस नावाच्या एका सरदारपत्नीच्या सहवासात गेला. उत्तर इंग्लंडमधल्या एका थंड, दगडी गढीतली ही बाई. तीनदा लग्न झालेली, तिन्ही नवऱ्यांच्या मागे उरलेली. जुन्या दप्तरांत ती कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी विधवा, कुणाची तरी आई म्हणूनच भेटते. तिचे मुलगे लढाईत आणि साथीत गेले. मुलीची मुलगी मठात गेली आणि तिथेच वारली. अ‍ॅव्हिसची रेघ काचेवर नेहमी तिसऱ्या पिढीपाशी थांबे आणि टकटक होई.

खोट्या फांदीला कुमुदच्या हाताखाली थारा नव्हता. कितीतरी मंडळी आपलं कूळ एखाद्या उमरावाला चिकटवून घ्यायला तिच्याकडे पत्रं धाडत. ती प्रत्येकाला सौम्य, पण स्पष्ट नकार कळवी. मी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करून पोट भरणारा माणूस. शब्दाआड काहीतरी दडलेलं असणार असं धरूनच वाचायची सवय लागलेली, आणि ती सवय माणसांपर्यंत पोचलेली. कुमुद मला ‘फौजदार’ म्हणे. घराशी कुणी नवखा आला की मी पडद्याआडून बघायचो आणि मागून आवाज यायचा, “झाली का चौकशी सुरू, फौजदार? चहा तरी होऊ द्या त्यांचा.”

विल्मट आला तेव्हा मी असाच पडद्याआड होतो. योकोहामाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, जपानी बायको नुकतीच वारलेली, मूलबाळ नाही. उंच, वाकलेला, पावसात उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखा. आपण अ‍ॅव्हिसच्या वंशातले आहोत असं त्याच्या आजीनं त्याला लहानपणी सांगितलं होतं. तो कुमुदच्या खोलीत गेला, दार लोटलं गेलं. दुपार उतरल्यावर तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. नकार मिळालेला माणूस असा हसत नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

त्या शरदापासून दर सर्वपित्री अमावस्येला तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला.

तो दिवस कुमुद तिच्या पद्धतीने करी. केळीचं पान इथे कुठून आणणार? शेजारच्या त्सुचिउरात कमळकाकडीची शेती आहे. तिथल्या एका शेतकऱ्याकडून ती कमळाची पानं मागून आणी. ओकिनावाहून येणारी कारली, लाल भोपळा, वडे, खीर. कावळे आमच्या इमारतीत बदनाम. कचऱ्यावर जाळी घालूनही ते पिशव्या फाडतात, म्हणून त्यांना खाऊ घालू नका अशी पाटी खाली लावलेली. त्यामुळे ती पान झाकून बागेतल्या तळ्याकाठी नेई, हळू आवाजात नावं घेई, वाट बघे आणि उरलेलं उचलून घरी आणी. “पितरांनी वेळेवर यावं बाई,” ती म्हणे, “नाहीतर उद्या जळाऊ कचऱ्याचा वार आहे.”

विल्मट येऊ लागला त्या वर्षापासून तिच्या हातात एकाऐवजी दोन पानं दिसू लागली. एक तिच्या आईवडिलांचं. दुसरं कुणाचं, हे मी विचारलं तेव्हा तिने पदर खोचला आणि म्हणाली, “हे पान तुमच्या हद्दीबाहेरचं आहे, फौजदार.”

हसून म्हणाली. पण मी हसलो नाही. अ‍ॅव्हिसचा वंश संपला हे तिनेच मला काचेवर दाखवलं होतं. तरीही हा माणूस वंशजाच्या रुबाबात आमच्या पाटावर बसतो, दोनदा खीर घेतो, तिने शिकवलेलं “बास, बास” असं हात आडवा धरून म्हणतो. मग तिने त्याला काय सांगितलं असेल? एका एकाकी माणसाला तिने दयेपोटी एक खोटी फांदी जोडून दिली असेल का? की दयेपलीकडचंही काही होतं? हा प्रश्न मी कधी तोंडावाटे काढला नाही. यंदा वैशाखात कुमुद गेली आणि प्रश्न माझ्यापाशी राहिला. शोकातही माणसाला टेकायला एक भिंत लागते. माझी भिंत एवढीच होती, की ही बाई कधी खोटं बोलली नाही. आता त्या भिंतीवर रोज ओल दिसू लागली होती.

पितृपक्ष लागला आणि विल्मटचा फोन आला. “नेहमीप्रमाणे येऊ का, फौजदार-सान?” ते माझं आडनाव आहे अशी त्याची पहिल्यापासून समजूत, कुमुदने ती मुद्दाम तशीच राहू दिली होती. मी या म्हटलं. उरायासूला राहणाऱ्या आमच्या मुलीला, रेवाला सांगितलं, तर फोनवर ती आधी जपानीत काहीतरी पुटपुटली आणि मग म्हणाली, “बाबा, जेवायला बोलावलंय ना? मग जेवू द्या त्यांना. आवाजावरूनच कळतंय, तुम्ही ड्यूटीवर आहात.”

होतोच. त्याला सरळ विचारायचं, आणि खोटा वंश सांगितला गेला असेल तर खरं काय ते सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. खीर ढवळताना कुमुदच्याही बाबतीत हा निकाल लागणार हे ध्यानात आलं, हात थांबला आणि दूध खाली लागलं.

रस्त्याच्या कडेला हिगानबानाची लाल फुलं पानांवाचून उभी होती, हवेत किनमोकुसेईच्या फुलांचा गोड, जड वास होता. विल्मट नाशपातीची पिशवी घेऊन आला. पूर्वीपेक्षा अधिक वाकलेला. ओट्यावर कुमुदसाठी वाढलेलं कमळाचं पान त्याने पाहिलं, मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

“एकच?” तो इंग्रजीत म्हणाला. “अ‍ॅव्हिसचं पान कुठे आहे?”

मी खडा टाकून पाहिला. “तुमच्या पूर्वजबाईचं?”

“माझी कुठली?” तो म्हणाला. “कुमुद-सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं ना. तिचं कुणीच उरलं नाही. मी म्हणालो, मग माझंही कुणी नाही. त्यावर त्या म्हणाल्या, अमावस्येला जेवायला या, जेवायला नातं लागत नाही. आणि तिचंही एक पान वाढू, तिला कुणी बोलावत नसेल.”

उत्तर सुंदर होतं, म्हणूनच मला खरं वाटेना. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. साक्षीला कोण येणार? मी दुसरं पान वाढलं. आम्ही दोघं दोन पानं झाकून तळ्याकडे निघालो. वाटभर मी त्याच्या बोलण्यातली फट शोधत राहिलो.

तळ्याकाठी पानं ठेवली. मी कुमुदचं नाव घेतलं. विल्मट कठड्याशी उभा होता, पाण्याकडे बघत अ‍ॅव्हिस आणि तिच्या माणसांची नावं घेत होता. आणि त्याची तर्जनी, बहुधा त्याच्याही नकळत, ओलसर कठड्यावर फिरत होती. वरून खाली एक रेघ. तीन फांद्या. तिसऱ्या पिढीपाशी बोट थांबलं, मुडपलं, आणि पेराने लाकडावर दोनदा हलकेच टकटक झाली.

ती खूण सांगून शिकवता येत नाही. संपलेला वंश कुमुदच्या हाताने संपताना ज्याने पाहिला, त्याच्याच बोटात ती उतरेल. बंद दाराआड काय झालं ते मला त्या दोन ठोक्यांत ऐकू आलं. इतकी वर्षं तिच्या तोंडून ऐकायचं सोडून मी एका म्हाताऱ्या हाताची साक्ष घेत होतो.

एक कावळा उतरला. त्याने आधी अ‍ॅव्हिसच्या पानाला चोच लावली.

“माझी खीर लागली आहे,” मी म्हणालो. “कुमुदने कावळ्याला तसं सांगितलेलं दिसतंय, तिच्या पानाला शिवला नाही.”

विल्मट हसला. घरी येऊन त्याने ती लागलेली खीर दोनदा घेतली आणि हात आडवा धरून “बास, बास” म्हणाला. मी तरीही वाढली.

आज पहिली कडक थंडी पडली. भात लावला आणि काच हळूहळू धूसर झाली. बोटाचा ओशटपणा काचेवर राहतो, बाष्प धरलं की जुन्या रेघा पुन्हा उमटतात, हे मला ठाऊक होतं. तरी ती फांदी वर आली तेव्हा जवळ जायला धीर झाला नाही. ती खरंच कुमुदची रेघ आहे, की मला हवी आहे म्हणून दिसते आहे, अशी शंका माझ्यातल्या फौजदाराने घेतलीच. मी ती घेऊ दिली. रेघ तिसऱ्या पिढीपाशी थांबली होती, खाली पेराचे दोन अस्पष्ट डाग होते, आणि त्या डागांच्या खाली अजून बरीचशी काच कोरी होती, जिच्यावर भाताची वाफ सावकाश धरत चालली होती.