एक वेढा सैल

मर्ल श्रॅगला जगातली कुठलीही गोष्ट सैल बघवत नाही. नळ, स्क्रू, दोरखंड, बाटल्यांची झाकणं, जे हाती लागेल ते तो आवळत सुटतो. काकडीच्या लोणच्याची बरणी त्याने एकदा बंद केली की पुन्हा त्यानेच उघडायची, दुसऱ्या कोणाची टाप नाही. लग्न झाल्यापासून इर्मा प्रत्येक बरणी घेऊन त्याच्यापुढे उभी राहते, आणि तो ती एका हिसक्यात उघडून गड सर केल्यासारखा तिच्याकडे बघतो. इर्माने त्यावर बोलणं कधीच सोडलं आहे. ती फक्त लोणचं खाते.

रॉकेटच्या बाबतीत मात्र तिने त्याला निक्षून सांगितलं होतं. हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही.

त्याला कारण होतं. कॅन्ससमधल्या त्यांच्या हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबात मोठ्या मोटरचं रॉकेट उडवायचं तर दुसऱ्या पायरीचा परवाना लागतो. परवाना हवा असेल तर रॉकेट स्वतः बांधायचं, स्वतः भरायचं, आणि सगळ्यांदेखत उडवायचं. वर पॅराशूट उघडलं आणि रॉकेट धड खाली आलं, तर परवाना. तपासणीच्या टेबलावर थर्मन बसतो. थर्मनने उभा जन्म ट्रॅक्टर विकले, त्यामुळे माणूस खरं बोलतोय की नाही हे त्याला लगेच कळतं. सगळं चाचपून झालं की तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "सगळं तुझ्या हातचं?"

वसंतात इर्माने पुठ्ठ्याचं रॉकेट नेलं होतं. थर्मनने प्रश्न विचारला आणि इर्माने खरं ते सांगून टाकलं. मर्लला पंखांचा डिंक कमी वाटला, म्हणून त्याने सगळे पंख परत एकदा चिकटवले होते. थर्मनने कागद मागे सरकवला. "मग हे मर्लचं रॉकेट झालं. मर्लकडे परवाना आहे."

सगळे हसले. मर्लही हसला. मग सगळे इर्माच्या चिलीसाठी, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शासाठी, रांगेत उभे राहिले, आणि कोणीतरी म्हणालं, "चिली मात्र झकास हं, इर्माबाई!" त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती ह्या लोकांना खाऊ घालत होती, त्यांची रॉकेटं रानातून शोधून आणत होती, आणि क्लबात तिला ओळखायचे ते मर्लची चिलीवाली बायको म्हणून.

म्हणून ह्या खेपेला लाकूड. इर्मा जुन्या खुर्च्या दुरुस्त करते. फायबरच्या तयार नळ्या जोडणं मर्लचं काम, लाकूड तिचं. सीडरच्या, म्हणजे देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या, अरुंद पट्ट्या कडेला कड लावून तिने होडीच्या अंगासारखी गोल नळी बांधली. प्लायचे तीन पंख कापले. वरचं निमुळतं टोक, ज्याला ही मंडळी नाक म्हणतात, ते लेथवर कातलं. उन्हाळाभर शेडला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात. मर्ल दाराबाहेर उभा राहून वास घ्यायचा. "वार्निश लावतेस वाटतं? किती हात दिलेस?"

"जा, टीव्ही बघ."

खरी मेख नाकात असते. नाकाचा खालचा गळा नळीच्या तोंडात बसतो. रॉकेट अगदी वर पोचलं की मोटरमधली चिमूटभर दारू मागून उडते, नाक ढकलून काढते आणि मागोमाग पॅराशूट बाहेर पडतं. नाक घट्ट असलं तर ते निघतच नाही आणि रॉकेट खाली येऊन खांबासारखं जमिनीत घुसतं. सैल असलं तर वर जातानाच निघतं. म्हणून गळ्याला कागदी चिकटपट्टीचे वेढे द्यायचे. नाक धरून उचललं तर रॉकेट लोंबकळलं पाहिजे, आणि हलकासा झटका दिला की नाक हातात आलं पाहिजे. हे सगळ्यांना पाठ असतं. शुक्रवारी संध्याकाळी इर्माने वेढे दिले आणि शेवटचा एक मुद्दाम काढून टाकला. रात्री पिकअपमध्ये दव पडणार, गळ्याला वार्निश नाही, लाकूड फुगणार. सकाळी बरोबर बसेल.

रॉकेट पिकअपमध्ये निजवून ती चिली ढवळायला आणि दालचिनीचे रोल भाजायला आत गेली. मर्ल म्हणाला, "मी वरची ताडपत्री बांधून येतो."

सकाळी रानावर धुकं होतं. ज्वारीची कापणी होऊन गेली होती आणि धसकटं ओली होती. ढग उठल्याशिवाय उडवता येत नाही, म्हणून मंडळी रोल खात उभी राहिली. इर्माने ताडपत्री काढल्यावर पहिला विनोद आलाच.

"शेकोटीची सोय केलीस होय गं?"

"वाळवी लागली की रॉकेट हलकं होत असेल, नाही?"

"हसा," इर्मा म्हणाली. "रोल माझ्याच हातचे खाताय, विसरू नका."

मर्ल हसला नाही. त्याने रोलही घेतला नाही, आणि मर्लने रोल सोडला म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं, हे इर्माला कळायला हवं होतं. तिचं लक्ष ढगांकडे होतं.

धुकं वर गेलं तशी ती टेबलापाशी आली. थर्मनने रॉकेट तोललं, पंख ओढून पाहिले, सीडरवरून बोट फिरवलं आणि काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे कौतुकच. मग त्याने नाक धरून ते उचललं. लोंबकळलं. झटका दिला. नाक हललं नाही. जरा जोरात दिला. तरी नाही.

"घट्ट आहे गं, इर्मा."

"असं कसं?" तिने नाक दोन्ही हातांत धरून पिळलं. ते किरकिरत निघालं. तिच्या पिवळसर चिकटपट्टीवर निळ्या पट्टीचा एक वेढा होता, गुळगुळीत, एकही सुरकुती नाही. निळी पट्टी मर्लची.

तिने मान वर केली. मर्ल आपल्या बुटांकडे बघत होता.

थर्मनला निळी पट्टी दिसली असेलच. तरी त्याने नेहमीप्रमाणेच विचारलं, "सगळं तुझ्या हातचं?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. मागे उभ्या असलेल्यांना काही दिसलं नव्हतं, आणि थर्मनने कदाचित त्या एका वेढ्याकडे काणाडोळा केला असता. इर्माच्या तोंडाशी 'हो' आलंही होतं. पण मग परवाना भिंतीवर लावायचा आणि रोज त्याच्याकडे बघताना ही निळी पट्टी आठवायची.

"हा वेढा सोडून," ती म्हणाली. "हा मर्लचा."

मागे कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं. इर्मा मर्लकडे वळली. रागाने तिचा आवाज चिरकत होता. "का केलंस?"

"हलत होतं गं ते. मी ताडपत्री बांधताना बघितलं."

"मुद्दाम सैल ठेवलं होतं. लाकूड दवाने फुगतं."

"मला काय माहीत? माझं बघितलंस ना गेल्या वर्षी? जन्मात एकदा एक गोष्ट सैल सोडली तर नाक अर्ध्या वाटेत निघालं, चिंध्या वेचत फिरलो आपण. तुझं तसं होऊ नये म्हणून लावला."

"मग विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तू हात लावू दिला नसतास."

इर्माला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. "तुला काही सैल ठेवताच येत नाही, मर्ल," ती म्हणाली. "माझ्या हातालासुद्धा काही कळतं, एवढा भरवसा नाही तुझा."

मर्लच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. थर्मन खाकरला.

"अजून उडालेलं नाही ना ते? मग मी टेबलावर जे आहे ते बघणार. पण सगळं बाहेर काढायचं. पॅराशूट, दोऱ्या, सगळं. माझ्यासमोर पुन्हा भरायचं. आणि मर्ल, तू पिकअपमध्ये जाऊन बस."

"पिकअपमध्ये?"

"दार लावून."

मर्ल गेला. त्याच्या क्लबात, त्याने उभ्या केलेल्या तंबूखालून, शाळेतून घालवून दिलेल्या पोरासारखा गेला. इर्माने निळी पट्टी टराटरा काढली. एप्रनच्या खिशातून काचकागद काढून फुगलेला गळा हलक्या हाताने घासला. अडकणाऱ्या ड्रॉवरला लावतात तसा त्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरवला. पॅराशूट उघडून पुन्हा घडी घातली, दोऱ्या मोकळ्या केल्या.

मग ती अडली. आता ऊन पडलं होतं आणि दक्षिणेचा कोरडा वारा सुटला होता. लाकूड आता सुकणार, आकसणार. रांगेत तिच्या पुढे बरीच रॉकेटं होती. तोवर किती आकसेल? पट्टी जास्त दिली तर खांब, कमी दिली तर चिंध्या. ती पिकअपकडे बघायला वळली. तीस वर्षांची सवय. काचेमागे मर्ल दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

तिने अर्धा वेढा वाढवला, पट्टी फाडली आणि नाक बसवलं. थर्मनने उचललं, झटका दिला. नाक त्याच्या हातात आलं.

"सगळं तुझ्या हातचं?"

"सगळं."

तिची पाळी आली तेव्हा रॉकेट उडवायच्या उभ्या रेलवर चढवून ती मागे आली. सगळ्यांनी मोठ्याने उलटे आकडे मोजले आणि तिने बटण दाबलं. जाळ, धूर, मग आवाज, आणि तेवढ्यात रॉकेट हातभर रेघ होऊन गेलंसुद्धा. मोटर विझली. मर्लचं इथेच फुटलं होतं. लाकडी रॉकेट सरळ वर जात राहिलं, लहान होत होत ठिपका झालं, आणि ठिपका हळूहळू कलला.

काही झालं नाही. ठिपका खाली वळला. "नाक निघत नाहीये," कोणीतरी हळूच म्हणालं. पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला.

मग वर धुराचा एक पुंजका दिसला, त्याचा फट्ट असा आवाज बऱ्याच वेळाने पोचला, आणि नारिंगी पॅराशूट उघडलं.

क्लबातल्या लोकांनी काय आरोळ्या ठोकल्या ते इर्माला आठवत नाही. ती धसकटांतून एकटीच चालत गेली, कारण आणायचंही ज्याचं त्यानेच. एका पंखाला खरचटलं होतं, बस. परत येताना तिला मर्ल दिसला. उघड्या दाराला धरून, एक पाय बाहेर, एक आत. तेवढ्यावर त्याने स्वतःला थांबवलं होतं.

थर्मनने सही केली. "चिलीसुद्धा बरी होती," तो म्हणाला, आणि इर्मा इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

संध्याकाळी दोघं घरी निघाले. मर्ल पिकअप चालवत होता. इर्माने दिवसभर काही खाल्लं नव्हतं, म्हणून पायांशी ठेवलेल्या खोक्यातून लोणच्याची बरणी काढली आणि सवयीने मर्लपुढे धरली.

"तुझी तूच उघड," मर्ल रस्त्याकडे बघत म्हणाला. "सकाळी आत बसलो होतो ना, काही काम नव्हतं, तेव्हा..."

इर्माने झाकण धरून बरणी जवळ ओढली. झाकण हातात राहिलं आणि बरणी मांडीत पडली. व्हिनेगर, शेपूच्या काड्या, काकड्या, सगळं तिच्या नव्या पँटवर. मर्लने गाडी कडेला घेतली आणि घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

इर्माने मांडीवरची एक काकडी उचलली आणि चावली.

"एक वेढा अजून चालला असता," ती म्हणाली, आणि दुसरी काकडी त्याला दिली.