आपल्याच खटल्यात

आईबाबा वेगळे झाल्यापासून ती शाळकरी मुलगी आणि तिची आई आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे राहत होत्या. आजोबा निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या घरात भांडण झालं, की त्याला लागू पडणारं कायद्याचं वचन आधी लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत म्हणायचं. ज्याला जमेल तो जिंकला.

"आईनं न विचारताच टीव्ही बंद केला. ऑडी आल्तेराम पार्तेम!"

"इंग्रजीत?" आजोबा विचारत.

"हिअर द अदर साइड. दुसऱ्या बाजूचंही ऐका."

"लाव गं टीव्ही. वकीलसाहेब जिंकले."

"बसवा अजून डोक्यावर!" आई म्हणे.

आता मात्र खरं कोर्ट होतं. मुलगी कोणाकडे राहणार हे ठरवण्याआधी न्यायाधीशबाई तिला एकटीला आत बोलावणार होत्या. आदल्या संध्याकाळी आई अजिजीनं म्हणाली, "अण्णा, तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. 'आईकडे' म्हण, एवढंच सांगा तिला."

अण्णा, म्हणजे आजोबा, नुसतेच चष्मा पुसत राहिले.

थोड्या वेळानं नातीनंच विचारलं, "आजोबा, मी काय सांगू उद्या?"

"ते मी नाही सांगायचं. तू इथं राहावीस असं मलाही वाटतंच ना! नेमो जुडेक्स इन कॉझा सुआ. नो वन शुड बी अ जज इन हिज ओन केस. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश व्हायचं नसतं."

तिनं ते घोकून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी ती न्यायाधीशबाईंच्या खोलीतून हसतच बाहेर आली.

"काय सांगितलंस?" आईनं घाईनं विचारलं.

"म्हटलं, हा माझाच खटला आहे, मग मी कशी ठरवणार? नेमो जुडेक्स... अख्खं म्हटलं, इंग्रजीतसुद्धा! तुम्हीच ठरवा म्हटलं. बाई शाब्बास म्हणाल्या."



निकालात लिहिलं होतं, की मुलीनं कोणाचीच निवड केलेली नाही. वडिलांची नोकरी पक्की आहे, घर मोठं आहे. ताबा वडिलांकडे. सुट्टीत आईकडे.

निघायच्या दिवशी बाबांची गाडी दारात उभी होती. आजोबा खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होते.

"आजोबा, मला नाही जायचं. हे लॅटिनमध्ये कसं म्हणतात?"

"याला लॅटिन लागत नाही, बाळा."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

नाडी केव्हाच बांधून झाली होती. आजोबांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.